आईची कवळी

३ जून
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.
तू दातांची डॉक्टर झालीस, हा या घरावरचा मोठा अन्याय आहे. तू पाठवलेल्या कवळीच्या ब्रशने माझ्या वस्तऱ्याची वीस वर्षांची जागा बळकावली. वर तुझं फर्मान: रात्री कवळी काढा, दोन मिनिटं घासा, पाण्यात ठेवा. आई ऐकेल तर शपथ! म्हणते, बोळक्या तोंडाने कुणी पाहिलेलं मला चालणार नाही. रात्रीत काही झालं तर? मी विचारलं, यमदूत काय दात मोजणार आहे? तर म्हणाली, तो नाही, पण शेजारीण मोजेल. मी शब्द दिला, तसं होऊ देणार नाही. चूळ भरते आणि झोपते. हल्ली खोकते जरा. जीभ मात्र खणखणीत.
लोभ वाढव, पार्सलं आवर.
दादा

९ जून
ती. दादास सा. न.
चुळीने काही होत नाही रे. जंतू कवळीला आधी नुसते चिकटतात, मग स्वतःभोवती बुळबुळीत थर घालतात, त्यात दुसरे येऊन बिऱ्हाड करतात. पाणी वरून वाहून जातं. घासल्याशिवाय ती वस्ती उठत नाही. रात्री झोपेत तेच लाळेबरोबर छातीत उतरतं. खोकल्याची चेष्टा नको, आजच डॉक्टरला दाखव.
माया असू दे.
धाकटी

२६ जून
चि. धाकटीस आशीर्वाद.
आई गेल्यावर तू चार दिवस इथे होतीस, पण लोकांसमोर विचारवेना. तुझं पत्र आलं तेव्हा आई न्यूमोनियाने दवाखान्यात होती. रोज रात्री मी हात पुढे करायचो, ती ओठ घट्ट मिटायची, मी हसून दिवा घालवायचो. लाड केले ते असे. खरं सांग, आईला मी मारलं का?
दादा

२ जुलै
ती. दादास सा. न.
मार्चमध्ये आठ दिवस आले होते, तेव्हा माझ्यासमोरही तिने ओठ मिटले होते. मी दातांची डॉक्टर, आणि आठही रात्री हात मागे घेतला. ब्रश पाठवला तो त्या लाजेने. तिची छाती आधीच थकलेली होती. कवळीमुळेच झालं, असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. नाही झालं, असंही नाही. जे आहे ते दोघांचं.
एक विचारायचं होतं. दवाखान्यात तिची कवळी काढली होती. मी घरी पोचले तेव्हा तिच्या तोंडात होती. कुणी बसवली?
धाकटी

८ जुलै
चि. धाकटीस आशीर्वाद.
मीच. नर्सबाईंनी डबीत घालून दिली होती. आईला घरी आणलं, शेजारीण जिना चढत होती. दार लावून घेतलं. बसवण्याआधी तुझ्या ब्रशने घासली. घड्याळ लावून, पूर्ण दोन मिनिटं.
दादा