पस्तिसाव्या मिनिटाला

चाचा,

तुम्ही गेलात त्याला सतरा वर्षं झाली, आणि मी तुमच्याशी शेवटचं बोलले त्याला त्याहूनही जास्त. जे बोलले तेही चांगलं नव्हतं. मधल्या काळात तुम्हाला काही सांगावंसं वाटलं नाही असं नाही, पण सांगण्यासारखं डोक्यात काही सरळ उभंच राहत नव्हतं. आताही राहिलेलं नाही. गेल्या महिन्यात मैदानावर एक गोष्ट घडली, आणि तेव्हापासून तुमच्याबद्दल मी आज एक समजते, उद्या बरोबर त्याच्या उलट. म्हणून लिहायला बसले आहे. शाळेला सुट्टी आहे, भर दुपार आहे, कूलर खडखड करतोय, आणि आई आतल्या खोलीत झोपली आहे.

राजूरचं ते मैदान मला अजून तसंच दिसतं. क्वार्टरांच्या मागचं, काळं. चुन्याच्या रेघा पहिल्या हाफमध्ये पांढऱ्याशुभ्र आणि दुसऱ्या हाफमध्ये राखेसारख्या. तिथे पडलं की कोळशाची कणी कातडीत जायची. माझ्या उजव्या कोपरावर तो निळसर डाग आजही आहे. तुम्ही खाणीच्या वर्कशॉपात फिटर, माझे बाबा खाली भुयारात. मी तेरा वर्षांची. नळावर भांडं लावून उभी आहे, आणि तुम्ही फुटबॉल शिकवत असलेल्या पोरांचा बॉल भिंतीवरून येऊन माझ्या पायाशी थांबतो. मी तो परत मारते. तुम्ही भिंतीपाशी येता.

"कोणं मारला हा?"

"म्या."

"डाव्या पायानं?"

मला तर कुठल्या पायानं मारला तेही ठाऊक नव्हतं. तुम्ही बॉल परत माझ्याकडे टाकलात आणि म्हणालात, "मार अजून." भांडं भरून वाहत होतं. मी सात-आठ वेळा मारला. त्याच आठवड्यात तुम्ही आमच्या दारात आलात. बाबा खाटेवरून उठले, म्हणाले, "पोरगी आहे ना जी ते." तुम्ही म्हणालात, "बॉलले माहीत नाही ना ते." बाबा हसले. ते फारसे हसत नसत, म्हणून मला ते लक्षात आहे. त्यानंतर मी तुमच्याकडे पाच वर्षं खेळले. आधी मुलांमध्ये एकटी, मग हळूहळू आम्ही अकरा मुली झालो. माझ्या कॅनव्हासच्या बुटांना तुम्ही कन्व्हेअरच्या जुन्या पट्ट्याच्या रबराच्या गोल चकत्या कापून खाली ठोकून दिल्या होत्या. तसे बूट यवतमाळच्या मुलींकडेही नव्हते. त्या हसल्या होत्या, पण चिखलात त्या घसरल्या आणि मी नाही.

आणि तुमचं ते ओरडणं. "पोवोली! पोवोली!" कोणी घाई करून बॉल पुढे ढकलला की कडेवरून तुमचा आवाज यायचा. आम्हाला वाटायचं कोलाम आदिवासींच्या बोलीतला शब्द असेल. शेवटी संघातली कोलाम मुलगीच म्हणाली, "आमच्यात असा शब्द नाही जी." तेव्हा तुम्ही सांगितलंत. तुम्ही जवान असताना खाणीत नवं मशीन बसवायला पोलंडचा एक माणूस आला होता. दीड वर्ष राहिला. तो त्याच्या देशात खालच्या डिव्हिजनला मधल्या फळीत खेळलेला. वरच्या संघानं त्याला कधी घेतलं नाही. संध्याकाळी तो कामगारांबरोबर खेळायचा, आणि बॉल पायाशी ठेवून मान वर कशी करायची, ते त्यानंच तुम्हाला शिकवलं. पोवोली म्हणजे त्याच्या भाषेत सावकाश. परत गेल्यावर त्यानं मशिनी सोडल्या आणि तो संघ सांभाळायला लागला. त्यानं पत्रातून पाठवलेला फोटो तुम्ही डब्यात जपून ठेवला होता: अंगात लांब कोट, पाऊस पडतोय, आणि मैदानाच्या कडेला तो एकटाच उभा. "बुडाले आली टीम का याले बोलवत," तुम्ही म्हणालात, "आन वर आली का काढून टाकत. आठ-नऊ टीमा झाल्या म्हणे त्याच्या." मी विचारलं, मग तो जायचाच कशाला? तुम्ही म्हणालात, "मलेही नाही समजलं."

मागे मी फोनवर त्याला शोधायचा प्रयत्न केला. तुम्ही त्याचं नाव जसं उच्चारायचात तसं लिहून पाहिलं, वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून पाहिलं. तसा कोणी माणूस सापडला नाही.

आता तो दिवस. यवतमाळच्या स्टेडियमवर विभागाच्या संघासाठी निवडीचा सामना. निवड करणारे साहेब खुर्चीवर, मांडीवर वही. मी मधल्या फळीत, अंगात आल्यासारखी खेळते आहे. निदान मला तरी तसंच वाटतं. पस्तिसाव्या मिनिटाला तुम्ही हात वर करता. मला वाटतं दुसऱ्या कोणाला बोलावता आहात. मग तुम्ही माझा नंबर दाखवता, आणि माझ्या जागी तुमच्या बहिणीची मुलगी आत जाते. ती वणीहून वर्षभरापूर्वीच आलेली, बरी खेळायची, पण माझ्यासारखी नाही. हे मी आजही म्हणेन.

"काहून काढलं जी मले?"

"बस, बेटा. पाणी पी."

"माह्यं काय चुकलं?"

"चुकलं काही नाही."

"मंग?"

तुम्ही मैदानाकडेच पाहत होतात. म्हणालात, "आता तू बघ." एवढंच. मी काय बघायचं होतं, चाचा? मी बघितलं ते इतकंच, की साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि संध्याकाळी यादीत तुमच्या भाचीचं नाव आलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "भाचीलेच पाठवाचं होतं त पाच वर्सं मले कायले पळवलं?" तुम्ही वाकून बॉल जाळीत भरत राहिलात. परतीच्या एसटीत तुम्ही पुढे बसलात, मी सगळ्यात मागे. दुसऱ्या दिवसापासून मी मैदानावर आले नाही. तुम्ही दोनदा चाचीला पाठवलंत. मी मोरीत लपून बसले आणि आईला सांगायला लावलं, घरी नाही.

पुढे नागपूरला शिकले आणि तिथे खेळलेही. मुलींचे मोजके संघ होते, त्यातही आमचा खालून दुसरा. सहा वर्षं मी मधल्या फळीत धावले आणि मला कोणी कधी वर बोलावलं नाही. मग आर्णीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका, मग यवतमाळच्या शाळेत, आणि सोबत कॉलेजचा संघ, मग दुसऱ्या कॉलेजचा, आता जिल्ह्याच्या मुली. संघ रखडला की मला बोलावतात. जरा जिंकायला लागला की कोणाचा तरी ओळखीचा प्रशिक्षक येतो आणि मला शाल-श्रीफळ मिळतं. अशी तीन श्रीफळं झाली. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी आर्णीला मैदानावर होते. मातीला यायला वेळ होता. बसही होती. मी सराव पूर्ण घेतला.

आणि गेल्या महिन्यात यवतमाळला उपांत्य सामना. माझी कप्तान आर्णीकडच्या तांड्यावरची, इथल्या वसतिगृहात राहणारी, सोळा वर्षांची, मधल्या फळीतच खेळते. आम्ही एका गोलनं पुढे होतो. दोन मुली तिच्या अंगावर आल्या, आणि तिनं मान वरही न करता डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं असा पास दिला की बॉल त्या दोघींच्या मधून जाऊन उजव्या कडेच्या मुलीच्या पायात पडला. लोक उभे राहिले. गोल झाला नाही, पण लोक उभे राहिले. मी हात वर केला आणि बाजूला बसलेल्या मदतनीस बाईंना सांगितलं, कप्तानला बाहेर घ्या. त्यांनी मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. ती बाहेर आली, घामानं भिजलेली, आणि म्हणाली, "मॅडम, काहून काढलं मले?"

मी म्हणाले, "बस. पाणी पी."

दुसऱ्या हाफमध्ये आम्ही दोन गोल खाल्ले आणि हरलो. वसतिगृहाकडे परतताना मुली बसमध्ये रडत होत्या. कप्तान रडली नाही, खिडकीबाहेर बघत होती.

त्या रविवारी मी वणीला चाचीकडे गेले; क्वार्टर सुटल्यापासून त्या तिथेच राहतात. इतक्या वर्षांनी दारात उभी राहिले तर त्यांनी एका नजरेत ओळखलं. "ये वं," म्हणाल्या, जशी काही मी कालच येऊन गेले होते. स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. पूर्वी राजूरला सामन्याच्या सकाळी त्यांच्याकडे अंड्याची भुर्जी आणि जाड रोटी मिळायची. आता चहा आणि टोस्ट, त्यांच्यानं फार होत नाही. मी सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "तुले माहीत नाही? तुह्ये बाबा आलते ना आदल्या दिवशी. क्वार्टरात येऊन बसले. म्हणे, पोरीले निवडू नका देऊ. तिची आई आजारी आहे, पोरगी गेली त घर कोण पाहीन? हात जोडले त्यायनं. तुह्या चाचानं जबान देली, का कोनाले सांगणार नाही." म्हणजे तुम्ही माझं ते बोलणं सगळ्यांसमोर गिळलंत, आणि मरेपर्यंत माझ्या बाबांची लाज राखलीत. मी वणीहून यवतमाळपर्यंत बसमध्ये रडत आले.

घरी येऊन आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "तुह्ये बाबा? ते कधी गेलेच नाही त्यायच्या घरी. अन मी आजारी होती ते त्याच्या दोन वर्सानंतर. तू बारावीत होती तवा मी चांगली होती." आईला सध्या कधी कधी वारही आठवत नाही. पण चाचीनंही मला चहा दिल्यावर पुन्हा विचारलं होतं, "चहा घेतला का वं तू?" बाबांना विचारायला बाबा नाहीत. साहेबांचं नाव कोणाला आठवत नाही. भाची सौदीला असते. तिला काय विचारू, तुला मी चांगली वाटत होते का म्हणून?

म्हणजे बाबा आले असतील तर तुम्ही देवमाणूस. नसतील आले, तर भाचीसाठी केलंत. की मी त्या दिवशी खरंच वाईट खेळत होते आणि ते फक्त तुम्हाला दिसत होतं? दर दोन दिवसांनी माझं मत बदलतं. चाची म्हणाल्या, कबरस्तानात जा, फुलं ठेव, माफी माग. पण कशाची माफी मागू ते ठरल्याशिवाय कशी जाऊ? कधी आठवतं, की तुम्ही हात वर केलात त्याच्या मिनिटभर आधी मीही एक पास दिला होता, दोघींच्या मधून, आणि स्टेडियममध्ये कोणीतरी टाळी वाजवली होती. आणि मग शंका येते, की हे मला पूर्वीपासून आठवत होतं, की गेल्या महिन्यापासून आठवायला लागलं? तुम्हीही खाणीच्या संघात मधल्या फळीतलेच. तुम्हालाही वर कोणी बोलावलं नव्हतं.

हे कुठे टाकणार नाही, कोणाला दाखवणारही नाही. आई उठली की हे पॅड शाळेच्या बॅगेत जाईल.

एकच लिहायचं राहिलं. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी कप्तान घरी आली आणि तिनं मला परत तेच विचारलं. मी म्हणाले, तुझा गुडघा मला बरोबर वाटला नाही, जपायला पाहिजे. तिनं मान हलवली, आणि आता ती रोज गुडघ्याला पट्टी बांधून येते. तिच्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं, चाचा. तिच्या त्या पासला लोक उभे राहिले ते मला सोसलं नाही, आणि मी हात वर केला.