अढीशेजारचं सैन्य

३ एप्रिल, गुरुवार
आज सकाळी माझ्या चौदा घोडेस्वारांना, कोणतीही पूर्वसूचना न देता, काचेच्या कपाटातल्या दुसऱ्या फळीवरून हलवून रव्याच्या डब्यामागे उभं करण्यात आलं. कारण: पाहुण्यांचे कप. दीड इंचाचा स्वार, हातात भाला, समोर शत्रू म्हणून रवा. एकाचा भाला वाकला. इतिहास नोंद घेवो न घेवो, मी घेतो आहे.
बायकोला म्हटलं, शुभा, हा अन्याय आहे. म्हणाली, "कप निदान लोकांना दाखवता तरी येतात."
खरं आहे. सहा वर्षांपूर्वी बुटाच्या खोक्यात आठ होते. आता कपाट, माळा, शिलाई मशीनचं झाकण, आणि मागची खोली जवळजवळ सगळी. बावन्न वर्षांचा माणूस. साप्ताहिकातल्या सदरात गावाची खिल्ली उडवतो आणि घरी प्लास्टिकच्या राक्षसांना रंग लावून फाशांवर लढाया खेळतो. या विषयावर सदर अजून आलेलं नाही.

६ एप्रिल, रविवार
तह झाला. एप्रिल-मे मागची खोली आंब्यांची, हा लग्नापासूनचा नियम. शुभाच्या माहेरचे, पावस गावच्या बागेतले आंबे येतात. ती पेंढ्यात अढी घालते, पिकले की पेट्या भरून ओळखीच्यांना देते. या घरात तिचं एकटीचं असं काही असेल तर एवढंच. "टेबल बाहेर काढा." मी घासाघीस करून अर्ध्यावर आणलं. जमिनीवर खडूची रेघ: भिंतीकडे आंबे, खिडकीकडे सैन्य.
दादा (तिचा भाऊ) स्वतः टेम्पोतून माल घेऊन आला. उकिडवा बसून एकेक फळ पेंढ्यात ठेवत होता, झोपलेलं मूल ठेवावं तसं. मग माझ्या टेबलाकडे बघून, "भावोजी, ह्यांना खायला काय घालता?"
म्हटलं, जागा.
खूप हसला. शुभा हसली नाही.
ते दोघे चहाला गेल्यावर रेघ पायाने पुसून वीतभर पुढे काढली.

९ एप्रिल, बुधवार
शुभा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला. माझ्या सैन्यात नवे तीस जण आलेत. रंगाआधी काळा थर मारावा लागतो, स्प्रेच्या डब्याने. एरवी गॅलरीत मारतो, पण आज वारा, त्यात ही खारी हवा. थर दाणेदार बसतो. म्हणून मागच्या खोलीत, खिडकी लावून. अढीवर जुनी साडी टाकलेली होतीच. दहा मिनिटांचं काम. नंतर पंखा, नंतर उदबत्ती.
शुभा आल्यावर, "आज देव आठवला वाटतं?" येताना माझ्यासाठी वाटीभर आंब्याची डाळ. खाल्ली.

१६ एप्रिल, बुधवार
पहिल्या चार पेट्या गेल्या. एक इथेच, मागच्या आळीतल्या साठेबाईंकडे. शुभा आंबे पुसताना म्हणाली, "यंदा पेंढा कुठला आणलान दादाने कोण जाणे." 

१८ एप्रिल, शुक्रवार
साठेबाई स्वतः आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, अजून कोणाच्या घरात शिरल्या की घर सावधानमध्ये उभं राहतं. ताटलीत तीन आंबे, वर रुमाल.
"शुभा, रागवू नकोस हो. वास येतोय यांना. औषधाचा. हल्ली काय, सगळेच पिकवायला पावडर लावतात, पण तुझ्याकडून..."  
त्या गेल्यावर शुभाने हुंगला. मग माझ्या नाकाशी धरला. हापूसचा वास, आणि त्याखाली, तळघरातून यावा तसा, माझा काळा थर.
मला तत्क्षणी कळलं. हे इथे नीट लिहून ठेवतो: तत्क्षणी.
तोंडातून काय निघालं? "पेंढा ओला असेल."

१९ एप्रिल, शनिवार
पुण्याला पेटी गेली होती, तिथूनही फोन, तीच तक्रार. मग शुभाचा दादाला. मी टेबलाशी. दादाचा आवाज असा की स्पीकरची गरज नाही.
"बायो, बाबांनी लावलेल्या झाडांच्या आंब्याला मी पावडर लावीन होय गो?"
"तसं नाही म्हणत मी. पण घरात काही झालेलं नाही दादा, मग वास आला कुठून?"
"म्हणजे माझ्याकडूनच आला."
"मी असं म्हटलं का?"
"म्हणायला काय ठेवलंस?"
फोन ठेवला त्याने. शुभा बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत बसली. मी त्या वेळात एका सरदाराचा डावा डोळा रंगवला.  माझ्या आजवरच्या कामातला सर्वांत उत्तम डोळा आहे तो.

२१ एप्रिल, सोमवार
संपादकांचा फोन: गेल्या वर्षी पावडरवाल्या बागायतदारांवर लिहिलंत तसं झणझणीत होऊन जाऊ द्या. म्हटलं, तब्येत बरी नाही. शुभाने ऐकलं. म्हणाली, "लिहा की. फक्त दादाचं नाव घालू नका."
तिला खरंच वाटतंय. सख्ख्या भावाबद्दल.
संध्याकाळी दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. एकदा पाणी प्यायलो. एकदा पुन्हा पाणी.

२३ एप्रिल, बुधवार
दादाने दुसरा माल पाठवला नाही. निरोपही नाही. शुभाने दुपारी अढी मोडली. पेंढा गोणत्यात भरून खाली नेला, खोली झाडली, खडूची रेघही ओल्या फडक्याने पुसली.
"घ्या. सगळी खोली घ्या आता."
टोमणा असता तर मी टोमण्याने परतवला असता, त्यात माझा हात कोणी धरत नाही. पण ती दमलेली होती, बाकी काही नाही.
आणि मी (हे पान फाडावंसं वाटतंय) ती गेल्यावर टेप आणला आणि भिंत मोजली. दोन मोठी टेबलं बसतात.

२५ एप्रिल, शुक्रवार
सांगितलं. ती भाजी निवडत होती. स्प्रे, बंद खिडकी, उदबत्ती, सगळं. रेघ सरकवल्याचंही.
ती निवडत राहिली. जुडी संपली. मग:
"दादाला सांगितलंत?"
"नाही अजून."
"मग मला आधी कशाला? मी सांगावं म्हणून?"
होय, म्हणूनच. सव्वीस वर्षांत या बाईसमोर एक लबाडी टिकलेली नाही, आणि नेमकी ही मात्र सात दिवस टिकली.
पुढे म्हणाली, "त्याला मी जे बोलले ते बोललेच ना? ते कोण परत घेणार?"
  

२७ एप्रिल, रविवार
सकाळच्या एसटीने पावसला. वाटेत भाषण तयार केलं, दोन विनोदांसह. दादा झेल्याने आंबे उतरवत होता. मला बघून झेला खाली घेतला नाही, काठीवरचं जाळं आंब्याला लावून तसाच वर बघत राहिला. भाषण विसरलो. तीन वाक्यांत उरकलं.
देठ तुटला, आंबा जाळ्यात पडला. तो काढून, चीक निथळायला पालथा ठेवून, मग बोलला.
"तेव्हाच फोन केला असतात ना भावोजी, तर हसलो असतो मी. वर्षभर चिडवलं असतं तुम्हाला."
"चूक झाली."
"रंगाचं सोडा हो. रंग काय, पोरखेळ. ती मला पावडरवाला समजते हे ऐकत बसलात तुम्ही. चहा पीत असाल."
चहा नव्हता. काय होतं ते सांगितलं नाही.
वहिनींनी जेवायला वाढलं. तो आमच्यात बसला नाही, बागेतच होता. निघताना मी त्याच्याकडे पिकलेल्या आंब्यांची एक पेटी मागितली, कोणासाठी तेही सांगितलं. त्याने बांधून दिली, व्यवस्थित. एरवी गाडी सुटेपर्यंत खिडकीशी बडबडत उभा असतो. आज पायरीवरूनच, "सांभाळून जा."
शुभाला काय सांगू, विचारलं. "तिला माझा नंबर पाठ आहे."

२८ एप्रिल, सोमवार
शुभाला निरोप जसाच्या तसा दिला.  दुपारी फोन हातात घेतलेली दिसली. मी खोलीतून बाहेर आलो. परत गेलो तेव्हा फोन टेबलावर उलटा ठेवलेला. केला की नाही, विचारायचा हक्क मला नाही.
टेबल मागच्या खोलीतून काढलं. कुठे ठेवायचं ते ठरलेलं नाही, सध्या सैन्य जिन्यात आहे. शेजारी बघतात. बघू देत.
पाचच्या सुमारास पेटी खांद्यावर घेऊन साठेबाईंकडे गेलो. शुभाला सांगून नाही. बाई दारात. म्हटलं, ही त्या पेटीच्या बदल्यात. आणि बाई, पावडर नव्हती ती. मी होतो. माझ्या खेळण्यांच्या रंगाचा वास.
"खेळण्यांच्या?" चष्म्यावरून बघितलं. "तुमच्या?"
"माझ्या."
त्यांनी पेटी उघडली, वरचा आंबा काढला, देठाशी नाक नेऊन हुंगला. दुसरा. तिसरा. खालच्या थरातलाही एक. मी चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा होतो, तपासणी संपेपर्यंत.