एकवीस चिंचोके आणि वीरभद्र

२ जून १९७४, रविवार

माझं यंत्र आजही हरलं नाही! सकाळपासून नऊ जण बसले आणि नऊच्या नऊ तोंड पाडून उठले. आमच्या कारखान्यातला फिटर धोंडीराम तर अकराव्यांदा हरला. म्हणतो, "मास्तर, आत कुणाला बसवलंय काय?" म्हटलं, तूच बस की आत, जागा सापडली तर! पेटी सगळी मिळून हातभर.

आज नीट लिहून ठेवतो. उगाच कुणी म्हणायला नको, विरुपाक्षानं नुसत्या बाता मारल्या.

खेळ असा. एकवीस चिंचोके मांडायचे. आपण एक, दोन किंवा तीन उचलायचे. मग यंत्र सांगेल तितके यंत्राचे. शेवटचा चिंचोका ज्याच्या गळ्यात पडेल तो हरला. पेटीला समोर तीन खुंट्या. आपण जितके उचलले ती खुंटी दाबायची - खट्! - आणि वरच्या फटीतून पत्र्याचा आकडा डोकं काढतो. आत चादरीच्या मागाला असतात तसली भोकं पाडलेली पाच कार्डं, दोरीत ओवून माळ केलेली. एक उचल झाली की एक कार्ड पुढं सरकतं. तीस वर्षं मी चादरीवरच्या मोरासाठी आणि कमळासाठी भोकं पाडतोय. पहिल्यांदा अकलेसाठी पाडली!

हिशोब मात्र चन्नीचा. आमची चन्नम्मा, इंटर सायन्सची परीक्षा देऊन बसलीय. म्हणाली, "बाबा, तुमचे नि यंत्राचे मिळून दर वेळी चार झाले पाहिजेत. पाच वेळा चार, वीस. उरला एक, तो तुमचा." अट एकच - समोरच्यानं आधी उचलायचं. ते आम्ही कुणाला सांगत नाही. सांगायची गरजच पडत नाही! पाहुण्याला "आधी तुमी, आधी तुमी" म्हटलं की पाहुणा खूश. पहिला मान कोण नको म्हणतो?

५ जून

सतरा. एकही जिंकला नाही.

९ जून, रविवार

दुधनीहून अण्णा आले. माझे थोरले बंधू गुरप्पा. वडिलांच्या मागं आमच्या घरच्या वीरभद्राच्या देवळातली पूजा त्यांच्याकडं. गावात लई मान.

जेवण झाल्यावर मीच पेटी पुढं ओढली. अण्णा खेळले. एकच डाव. हरले. शेवटचा चिंचोका बोटात धरून बघत बसले. मग म्हणाले, "विरू, हे कुणालाच हरत न्हाई?"

"कुणालाच न्हाई."

"आन् देव बसला तर?"

मी म्हणालो, देव बसला तरी!

तोंडातून गेलं ते गेलं. बायकोच्या, सुंदरम्माच्या हातातलं ताट वाजलं. अण्णा उठले, विभूती लावली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. राहणार होते खरं तर दोन दिवस.

१० जून

सुंदरम्मा बोलत नाही. भाकरी मात्र वाढते, तेवढंच नशीब.

पण मी खोटं काय बोललो? देवाला सगळं ठाऊक. म्हणजे पहिला चिंचोका उचलतानाच त्याला ठाऊक, की आपण हरणार! ठाऊक असून करणार काय? एक उचलला तरी हरणार, दोन उचलले तरी, तीन उचलले तरी. चन्नीला विचारलं. ती म्हणाली, "सगळं माहीत असलं म्हणून नसलेली वाट कुठून येणार, बाबा? या खेळात देव नि आपलं यंत्र सारखेच." अठरा वर्षांची पोर! माझ्या घरात! छाती फुगली. सुंदरम्मा आतून म्हणाली, "बापलेक दोगंबी नरकात जावा."

बोलली एकदाची.

१५ जून, शनिवार

फर्स्ट क्लास!! गणितात शंभरात सत्त्याण्णव!

पेढे वाटले. सावकारांनी, आमच्या मालकांनी, कारखान्यात स्वतः उठून हात मिळवला, तेलुगूत काहीतरी लांबलचक बोलले, मला "इंजिनिअर" एवढंच कळलं. पुण्याच्या कॉलेजात जागा मिळण्यासारखी आहे. एक तारखेला हजर व्हायचं. अण्णांना पत्र टाकलं. टाकावंच लागतं. आमच्या घरात वीरभद्राला विचारल्याशिवाय विहीर खणत नाहीत, की पोरगी देत नाहीत.

१८ जून

अण्णांचं पत्र.

चन्नीसाठी त्यांनी मंद्रूपचं स्थळ काढलंय. मुलाचं कापडदुकान, घरचं शेत. शिक्षणाचा कौल लावू म्हणतात, पण आधी वेगळंच मांडलंय. शब्द असे - "तुझं यंत्र देवाच्या बरोबरीचं म्हणतोस. सोमवारी घेऊन ये. देवापुढं खेळव. हरलं तर पोरीचं लगीन श्रावणाच्या आत. न हरलं तर या पोरीचा कौल मी जन्मात लावणार न्हाई, तू न् ती बघून घ्या."

कौलाचं मला कुणी सांगू नये. देवाच्या दोन खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मी चौदा वर्षांचा असताना शाळेचे हेडमास्तर स्वतः घरी आले होते - पोराचा हात चांगलाय, टेक्निकल शाळेत घाला. वडिलांनी कौल लावला. डावं पडलं. मी त्या फुलाकडं बघत होतो. शेवंतीचं होतं. दुसऱ्या महिन्यात मी मागावर.

चन्नीचं आयुष्य एका फुलावर? मुळीच नाही. त्यापेक्षा पाच कार्डांवर बरं. ती मी पाडलीत.

१९ जून

"येतो" म्हणून कळवलं.

सुंदरम्मा रडली. "पोरीला पणाला लावली का वो तुमी?" म्हणाली. चन्नीच म्हणाली, "आई, पण कसला? ते हरत नाही. देवाला तर पहिला मान द्यावाच लागतो." आणि माझ्याकडं बघून हसली.

खरंच की! देवाच्या आधी दुसरा कोण उचलणार? अण्णांच्याच रिवाजानं अण्णांचा देव बांधला गेला! मला इतकं हसू आलं की चहा सांडला.

२४ जून, सोमवार. दुधनी

आताच लिहून काढतो.

देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. सोलापूरचं यंत्र देवाशी खेळणार म्हणून सगळी गल्ली लोटलेली. मी पेटी वीरभद्राच्या पायाशी ठेवली. अण्णांनी स्वतः एकवीस चिंचोके मोजून मांडले, त्यांना हळदकुंकू वाहिलं. आंघोळ करून ओलेत्यानं उभे होते. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण देवापुढं उभा राहिला की कसा ताठ!

"आधी देव," अण्णा म्हणाले.

"आधी देवच," मी म्हणालो. चन्नीनं माझा सदरा मागून घट्ट धरला होता.

वीरभद्राशी अण्णा कानडीतच बोलतात. फुलं लावली. "ओंदू?" - एक उचलू? डावं पडलं. नाही.

पुन्हा फुलं. "एरडू?" डावं.

म्हणजे तीन. मला बरं वाटलं, तीनला एक, सोपं. अण्णांनी फुलं लावली. "मूरू?"

डावं!

चौथी वाटच नाही या खेळात. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, त्यांचाही चेहरा उतरलेला. ते काही नाटक करत नव्हते, भावाला मी ओळखतो. मग त्यांनी हळूच विचारलं - यंत्रानं आधी उचलावं काय?

उजवं पडलं. टप्पकन्.

आणि माझं यंत्र मुकं! ते उत्तर देतं, सुरुवात त्याला येतच नाही. मी खुंट्यांकडं नुसता बघत बसलो. मागून कोणतरी फिदीफिदी हसलं. कान तापले माझे. चिंचोके एकवीसच्या एकवीस तसेच.

तेवढ्यात चन्नी पुढं झाली. एवढ्या माणसांत! "दोड्डप्पा," - थोरल्या बापाला ती कानडीतच हाक मारते - "यंत्र हरलं काय?"

अण्णांनी चिंचोक्यांकडं बघितलं. देवाकडं बघितलं.

"न्हाई," म्हणाले. "हरलं न्हाई."

"मग मी जाऊ?"

"जा, अव्वा," लाडानं पोरीला आई म्हणाले. "मी शब्द दिलाय." त्यांनी तिच्या कपाळाला विभूती लावली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लोक कुरकुरत होते. अण्णांनी एकदाच मागं वळून बघितलं, सगळे गप्प झाले. माझा भाऊ आहे!

२६ जून

घरी. पेटी आणली तशी कपाटावर. कुणाला खेळायला बसवायची इच्छा नाही.

डोक्यात एकच. देवाला कळलं होतं, की आधी उचलणारा हरतो! म्हणून त्यानं उचललंच नाही. हरायचं नव्हतं त्याला. चन्नी म्हणते, "किंवा दोड्डप्पांना कळलं असेल. एक डाव खेळले होते ना." अण्णा चौथी शिकलेले. एका डावात कळलं असेल तर काय डोकं म्हणायचं! पण फुलं त्यांनी पाडली नाहीत. हात लांब होते, मी बघत होतो. काही असो - माझ्या पाच कार्डांपुढं साक्षात वीरभद्रानं माघार घेतली. हे कुठं बोलणार नाही. इथं लिहायला काय जातंय?

३० जून, रविवार

चन्नी पुण्याला गेली. स्टेशनावर सुंदरम्मानं तिला शेंगाचटणीची इतकी मोठी बरणी दिली की चार वर्षं पुरावी. अण्णा दुधनीहून आले होते, न सांगता. गाडी हलली तसे दोघं भाऊ तिथंच उभे. अण्णा म्हणाले, "आपल्या घरातली पयली." मी मान हलवली. तेहतीस वर्षांपूर्वीचं ते डावं फूल मी आज माफ केलं.

७ जुलै, रविवार

धोंडीराम जिंकला!

लई मागं लागला म्हणून पेटी खाली काढली. त्यानं एक उचलला. यंत्रानं आकडा दाखवला - एक. तीन दाखवायला हवा होता! शेवटी तीन उरले, गड्यानं दोन उचलले आणि एक यंत्राच्या गळ्यात. नाचला घरभर.

तो गेल्यावर झाकण काढलं. पहिलं कार्ड पालथं. एकच्या जागी तीनचं भोक, तीनच्या जागी एकचं. दुधनीला जायच्या आदल्या दिवशी देवापुढं शोभावं म्हणून मीच माळ नव्या दोरीत ओवली होती, चन्नीला हात लावू दिला नव्हता. तपासली नाही. तीस वर्षांचा हात, तपासायचं काय!

धोंडीरामला जिंकता आलं. म्हणजे त्या सोमवारी देवाला जिंकता येत होतं. एक चिंचोका उचलायचा होता फक्त, आणि चन्नी लग्न होऊन मंद्रूपला गेली असती.