जनावरासमोर धार

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

वेड्या, वकिलांशी भांडू नकोस. ते म्हणतात, खून कुणी केला यावर वादच नाही. तो का केला, त्यावर जन्मठेप की थोडक्या शिक्षेवर सुटका ते ठरेल. कारण तर माझ्या अंगावर आहे. तुटलेला दात, वाकडं जुळलेलं मनगट, सगळं कोर्टाला दाखवणार आहे. नवऱ्याने माझा गळा आवळला होता. तू दार तोडून आला नसतास तर आज पत्र लिहायला मी नसते.

अडचण एकच. शेजारणीने सुरीला धार लावल्याचा आवाज ऐकलाय. सरकारी वकील म्हणतो, धार लावायला वेळ होता म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. मी सांगणार आहे, आमचा धाकटा खाटीक आहे, कलिंगड कापायचं तरी आधी सुरी सळईवर घासतो. मी शुद्धीत नव्हते, पण तुझी सवय तर शपथेवर सांगू शकते.

जेवत जा. रागावलास तरी चालेल, पण दोन ओळी लिही.

तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे वकिलांच्या हातून पाठवतोय, इथून जाणारी पत्रं जेलर वाचतो. वाचून जाळ.

सवयीचं काही बोलू नकोस. मी त्याला भिंतीवर आपटलं आणि तुझा गळा सुटला, तिथपर्यंत सगळं तुझ्यासाठी होतं. मग तो खाली बसला. त्याचा खांदा निखळला होता. हात जोडायला बघत होता, पण एकच हात वर येत होता. गाव सोडून जातो म्हणाला. तुला उचलून मला निघता आलं असतं.

उस्तादांनी दुकानात पहिल्याच दिवशी बजावलं होतं, जनावरासमोर धार लावायची नाही, त्याला कळतं. तेव्हापासून मी पाठ फिरवूनच धार लावतो. त्या दिवशी कामावरून तसाच आलो होतो, सुरी-सळई कमरेलाच होती. त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि सावकाश धार लावली. त्याचे कपडे ओले झाले. आईला हाका मारायला लागला. मला बरं वाटलं, ताई. मग गळा चिरला, आणि तो हलायचा थांबला तरी भोसकत राहिलो. कारण चांगलं होतं म्हणून हेही माफ करायचं का?

मोठ्यांदा रडू नकोस. माया असू दे.

तुझा धाकटा

ता. २ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

निकाल कळलाच असेल. हेही वकिलांच्याच हातून येतंय. न्यायाधीश म्हणाले, बहिणीचा जीव वाचवताना भान सुटलं, म्हणून शिक्षा कमी. मी सवयच सांगितली. कलिंगडाचंही सांगितलं, लोक हसलेसुद्धा. चिडायचं तर चिड. पाठच्या भावाला मी जन्मभर आत सडू देणार नव्हते.

सासूबाई कोर्टाच्या खोलीत आल्याच नाहीत, बाहेर बाकावर बसून होत्या. मला वाटलं, शिव्याशाप देतील. त्या म्हणाल्या, कारण मला ठाऊक आहे, माझ्यावरही त्याने हात उचलला होता. पण मेला तो माझाच मुलगा. मग माझं वाकडं मनगट धरून एवढंच विचारलं, की शेवटी तो घाबरला होता का. मी म्हणाले, नाही, त्याला कळलंही नाही. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

सुटलास की इथेच ये, दुसरं घर कुठे आहे तुला? पुढची खोली तुझी. घरातल्या सुऱ्या मी उस्तादांना देऊन टाकल्या.

माया आहेच, ती तुटायची नाही. पण माझ्या खोलीला मी आतून कडी लावत जाईन, नवरा पिऊन आला की लावायचे तशी. वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी ताई