वरच्या खोलीचं छत

३ मार्च
आलो एकदाचे. खाली तीन खोल्या, वर एक, आणि मागे कपडे वाळत घालायला स्वतःची जागा. घर जुनं आहे, पण आधीच्या मालकाने जाताना सगळीकडे रंग लावून दिला. नवरा म्हणतो, असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. माझं शिलाई मशीन वरच्या खोलीत, खिडकीशी. सासूबाईंनी दाराजवळची खोली घेतली, म्हणजे येणारे-जाणारे त्यांच्या नजरेखालून जातील. आमची पाच वर्षांची लेक घरभर एक उशी ओढत फिरतेय. सतत काहीतरी ओढत असते, म्हणून तर तिला मुंगी म्हणतो.

९ मार्च
वरच्या खोलीचं छत फार खाली, नवऱ्याचं डोकं टेकतं. आज सुट्टी होती, त्याने ते स्वतःच उतरवायला घेतलं. सिमेंटचे जुने राखाडी पत्रे, हातोडीने फटाफट तुटतात. मुंगीने तुकडे टोपलीत भरले. धूळ इतकी, की तिने जमिनीवर बोटाने स्वतःचं नाव काढलं, शेजारी आजीचं. मी नवऱ्याचा शर्ट खिडकीत झटकला, खोली दोनदा झाडली. अर्धं छत उरलंय.

१२ मार्च
नळ गळतो म्हणून म्हातारे प्लंबरकाका आले. मागे टाकलेला पत्र्याच्या तुकड्यांचा ढीग बघून पायरीवरच थांबले, आत येईनात. पत्रे कोणी फोडले, विचारलं. मी कौतुकाने सांगितलं. म्हणाले, यात ॲस्बेस्टॉस असणार. तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर आत जातात आणि फुप्फुसात ठाण मांडतात. आधीच्या मालकाला त्यांनी तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.
म्हणून तो रंग.

१९ मार्च
प्रयोगशाळेचा कागद आला. आहे.
तपासणीला आलेल्या बाई मास्क न काढता बोलत होत्या. पत्रा शाबूत असला, हलवला नाही, तर सहसा त्रास देत नाही. फोडला, घासला, भोक पाडलं, की तंतू सुटतात. खोली बंद ठेवा. कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. उरलेलं छत हे काम शिकलेली माणसंच उतरवतील.
मी दोनदा झाडलं होतं. स्वच्छतेची भारी हौस.
लेकीच्या छातीचा फोटो काढू का, विचारलं. म्हणाल्या, आज त्यात काही दिसणार नाही. एवढ्याने काही होईलच असं नाही. झालंच, तर वीस-तीस वर्षांनी.
तेव्हा मुंगी माझ्याएवढी असेल.

२४ मार्च
सासूबाई म्हणाल्या, आमची हयात अशा पत्र्यांखाली गेली, मेलो का आम्ही. मग त्यांची नजर सासऱ्यांच्या फोटोकडे गेली. सासरे पत्रे कापायच्या कामावर होते. शेवटची दोन वर्षं बसूनच झोपायचे. विडीला कधी हात लावला नव्हता.
आज त्या जेवल्या नाहीत.

२९ मार्च
नवऱ्याने घर विकायला काढलं. पाच तारखेला एक जोडपं बघायला येणार. तिला सातवा महिना. मी म्हटलं, त्यांना सांगायचं.
"आपल्याला कोणी सांगितलं होतं?"
एवढंच बोलला. माझ्याकडे न बघता.

१ एप्रिल
काम करणारी माणसं पंधरा तारखेला येणार. तो थांबायला तयार नाही. उरलेल्या छताखाली नवं छत ठोकायचं म्हणतो, पत्रे दिसायला नकोत. म्हणजे भोकं पाडणार. वरच्या खोलीची किल्ली मी पिठाच्या डब्यात लपवली. मुंगी दोनदा खोकली. सर्दी आहे. सर्दीच आहे.

४ एप्रिल, दुपार
ठरलं. उद्या ती दोघं आली की दारातच कागद हातात देणार. घर गळ्यात पडलं तर पडू दे. त्याने मला शिव्या दि—
वर ड्रिलचा आवाज.
किल्ली डब्यात नाही.
हाका मारल्या. ऐकू जात नाही. मुंगी सासूबाईंजवळ झोपलीय, तेवढं बरं. ओला टॉवेल तोंडाला बांधून वर—
सासूबाई आल्या. एकट्याच. म्हणतात, बाबांना स्क्रू धरायला ती मघाशीच वर—