मेहुण्याची फौज मी उभारणार

४ जानेवारी
मेहुणा राहायला आला. एचआयव्ही. हिचं म्हणणं, भाऊ सावरेपर्यंत इथेच राहील. मी मोठ्या मनाने होकार दिला. (मला कोणी विचारलं नव्हतं.) त्याने वापरलेला नळ फिनेलने धुतला. भीती नव्हे, खबरदारी.

५ जानेवारी
तिघे डॉक्टरीणबाईंकडे. म्हणाल्या, नळाने, ताटाने, मिठीने हा व्हायरस पसरत नाही. शरीराच्या फौजेला हुकूम देणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, सीडी-फोर. तो नेमका त्यांच्यात घुसतो, तिथेच स्वतःच्या प्रती काढतो आणि त्यांनाच संपवतो. मग कुठलाही जंतू येऊन पाय पसरतो. मेहुण्याच्या पेशी फारच थोड्या उरल्यात. गोळ्या रोज घेतल्या तर फौज पुन्हा उभी राहील. तोवर त्याला दुसऱ्यांच्या संसर्गापासून जपा.
मग मलाच विचारतात, हा खोकला कधीपासून? म्हटलं, बाई, पेशंट तो आहे.

११ जानेवारी
संकल्प: मेहुण्याची फौज मी उभारणार. मला वर्षानुवर्षं साधा ताप नाही. ऑफिसातून आल्यावर रोज त्याच्या खोलीत व्याख्यान: 'प्रतिकारशक्ती आणि मनोबल'. खिडकी लावून, त्याला वारा बाधेल. ही म्हणाली, बाईंनी खिडकी उघडी ठेवायला सांगितलीय. डॉक्टरांना औषधातलं कळतं, वाऱ्यातलं नाही.

१९ जानेवारी
'मनोबल' शब्दालाच ढास लागली. मेहुणा म्हणाला, भावोजी, एकदा दाखवून तरी या. हसलो. ज्याची फौज पळाली तो मला बंदोबस्त शिकवतोय!
पँट सैल झाली. व्यायाम न करता फिगर. रात्री घाम येतो, म्हणजे शरीरातलं विष बाहेर पडतंय.

२ फेब्रुवारी
हेडक्लार्कने आपलं टेबल माझ्यापासून लांब नेलं. घरी एचआयव्हीवाला आहे ना, म्हणून. इतका अडाणीपणा! पार तोंडाजवळ जाऊन त्याला सीडी-फोर समजावले.

१६ फेब्रुवारी
मेहुण्याला ताप, खोकला, धाप. गोळ्या चुकवत असणार. बाई म्हणाल्या, एकही चुकवलेली नाही. घरात आधीपासून कोण खोकतंय? हिने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. मीही थुंकी तपासायला दिली. बाईंची शंका फिटावी म्हणून.

१९ फेब्रुवारी
टीबी. मला. त्यालाही, बहुधा माझ्याकडूनच. तो हॉस्पिटलात, ऑक्सिजनवर. लॅबने बाटल्यांची अदलाबदल केली असणार, असं हिला म्हणालो. ती म्हणाली, एवढ्या दिवसांत त्याला त्या व्हायरसने नाही पाडलं, तुमच्या मनोबलाने पाडलं.
ऑफिसात सगळ्यांची तपासणी. हेडक्लार्कचा फोन आला होता. त्याने वापरलेले शब्द इथे लिहीत नाही.

८ मार्च
ऑक्सिजन काढला. मेहुणा वाचला! हिने दारातूनच त्याचा निरोप सांगितला: भावोजींना म्हणावं, बरं वाटलं तरी टीबीच्या गोळ्या मध्येच सोडू नका. किती समजूतदार! माझ्या व्याख्यानांचंच फळ. आणखी काही म्हणाला का, विचारलं.
म्हणाला होता. भेटायला येऊ नका.