माझ्या नावाचं सभागृह

प्रिय बारके,

तुझा गुडघा आता कसा आहे? माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि तीच इथल्या लोकांची पंचाईत झाली आहे. आपलं घर संस्थेला देऊन मी वरच्या दोन खोल्यांत राहिले, ते खाली संध्याकाळी वर्ग भरावा म्हणून. शाळा अर्धवट सुटलेल्या बायका कामं उरकून यायच्या. एकदा शिंपीण आणि नर्स एका जुन्या राणीवरून अशा भांडल्या, की आठवडाभर एकमेकींशी बोलेनात. जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला, पण इतिहासावरून अबोला धरलेला तेव्हाच पाहिला. काय सांगू, इतका आनंद झाला मला!

आता मला मखरात बसवलंय. पाहुणे येतात, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि जातात. जिन्याला दार बसवलंय, म्हणे माझ्याच काळजीपोटी. किल्ली चिटणीसांकडे. ते माझेच विद्यार्थी. फिरायला जाते म्हटलं, की हात जोडून म्हणतात, "बाई, तुम्हाला काही झालं तर संस्थेनं कुणाकडे बघायचं?" यावर भांडायचं तरी कसं?

गेल्या महिन्यात वर्ग बंद केला. भिंती पाडून तिथे माझ्या नावाचं सभागृह होतंय. मी बैठकीत उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं, "मला सभागृह नको, वर्ग हवा." चिटणीसांचे डोळे भरून आले. "बघा, केवढा हा विनय!" टाळ्यांचा कडकडाट. मी टेबलावर हात आपटला, तर टाळ्या आणखी वाढल्या. पुतळा झाला की माणसाचं बोलणं संपतं, हे मीच मुलांना शिकवायचे. माझं तर जिवंतपणीच संपलं गं.

काल शिंपीण मापं घ्यायच्या निमित्ताने वर आली. उद्घाटनाला मला नवे कपडे हवेत ना! तोंडात टाचण्या धरूनच तिनं विचारलं, "बाई, आम्ही जायचं कुठं?" तेव्हा मला तू आठवलीस. भावजी गेल्यापासून त्यांचा दवाखाना बंदच आहे. बाकं असतील, दिवा असेल. तो मला संध्याकाळपुरता दे. आणि मलाही ठेवून घे. उद्घाटनाला मला खाली न्यावंच लागेल, दार उघडावंच लागेल. शिंपीण रिक्षा घेऊन फाटकाशी थांबणार आहे. भाषणं सुरू झाली की मी निघते. माझ्या घोरण्यावर तू ओरडशील, चहात साखर जास्त घातली म्हणून रागावशील, ते सगळं कबूल. "ताई, आता गप्प बस" असं मला इथे कुणीच म्हणत नाही.

तुझीच,
ताई